एकट्या काट्याची साक्ष

पूर्वपक्ष असा : कासवाची तब्येत कवचाखाली झाकलेली असते, म्हणून त्याला काट्यावर ठेवावे, जड भरले तर निरोगी, हलके भरले तर आजारी. याच मताची सुशिक्षित आवृत्ती म्हणते, लांबी मोजा, वजन करा आणि किती लांबीला किती वजन हवे हे सांगणाऱ्या जॅक्सनच्या तक्त्यावर बोट ठेवा.

यात तथ्य नाही असे नाही. महिन्यामागून महिना हलके होत जाणारे कासव उपाशी वा आजारी असण्याची शक्यता मोठी. पण एकदा केलेले वजन तब्येत सांगते, हे खरे नाही. ते का, हे सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या वळसंगला चटकन पटावे, कारण गावाला सूतगिरणी आहे. सुताचा जाणकार नुसत्या वजनावर कधी बोलत नाही. पौंडात 840 वारांच्या जितक्या लडी बसतील, तितका सुताचा काउंट. विसाचे सूत पौंडाला 16,800 वार भरते, चाळिसाचे 33,600 वार. वजन एकच, माल निराळा.

कासवाचेही तसेच. लांबी दुप्पट झाली आणि ठेवण तीच राहिली, तर वजन दुप्पट नव्हे, आठपट होते. 10 सेंटिमीटरचे कासव 200 ग्रॅमचे असेल, तर त्याच अंगलोटाचे 20 सेंटिमीटरचे 1,600 ग्रॅम भरेल. एक किलोचा आकडा ऐकून खूश होणाऱ्याने आधी लांबी विचारावी.

लांबी धरली तरी दुसरी अडचण उरते, ती ओलाव्याची. कापसाच्या सुतात 8.5 टक्के ओलावा व्यापारात गृहीतच धरतात. सूत त्याहून दमट असेल तर गिऱ्हाईक पाण्याचे पैसे मोजते. कासव तर मूत्राशयात पाणी साठवूनच ठेवते. अंघोळीच्या पाण्यात बसले की पिते, आणि लगेच जड होते. मादीच्या पोटातली अंडी, मुतखडा, मूत्रपिंड बिघडून अंगात साचलेले पाणी, हे सगळे काट्यावर ‘चांगली तब्येत’ म्हणूनच उमटते.

आता जॅक्सन. 1980 साली प्रसिद्ध झालेले हे गणित ब्रिटनमधल्या पाळीव भूमध्यसागरी कासवांचे, त्यांच्याही दोनच जातींचे. आपल्याकडे दुकानात बहुधा मिळते ते अमेरिकी लाल कानाचे पाणकासव. त्याला हा तक्ता लावणे म्हणजे रेशमाला काउंट लावणे. रेशमाचे माप डेनियर, आणि ते उलटे चालते : काउंट वाढला की सूत बारीक होते, डेनियर वाढला की रेशीम जाड!

मग काटा फेकून द्यायचा का? मुळीच नाही. एकाच कासवाची, एकाच काट्यावरची, दर महिन्याची नोंद ही खरी साक्ष. सकाळी, खाण्यापूर्वी आणि अंघोळीपूर्वी, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पसरट डबा ठेवून काटा शून्यावर आणावा आणि मग कासव ठेवावे. लांबी पाठीच्या उंचवट्यावरून टेप फिरवून घेऊ नये. कासवाच्या पुढे-मागे दोन जाड पुस्तके उभी करून त्यांच्यामधले अंतर मोजावे. मग हात आणि डोळे वापरावेत. डोळे खोल गेलेत का, पायांच्या बगलेतली कातडी खड्ड्यात गेली आहे की टम्म फुगली आहे, पाय हलकेच ओढला तर जोराने आत घेते का, चालताना पोट जमिनीवरून उचलते का? आकडा आणि अंग यांचे जमत नसेल, तर अंगावर विश्वास ठेवावा आणि पशुवैद्याकडे जावे.

शेवटी एक. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले स्टार कासव घरात असेल, तर वजनाचा प्रश्नच गौण आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पाळणे गुन्हा आहे, आणि 2019 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. त्याला काट्यावर ठेवण्याआधी वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा.