प्लोचे दरवाजाबाहेर

क्रूझ दुब्रॉव्हनिकला दिवसभर थांबली. सहप्रवासी तटबंदी चढायला गेले. मी आधी प्लोचे दरवाजाबाहेरचं लाझारेती, म्हणजे जुनं विलगीकरण केंद्र, गाठलं. समुद्रालगत दगडी दालनांची ओळ, मधे मोकळी अंगणं. इमारती सतराव्या शतकात पुऱ्या झाल्या, पण त्यामागचा कायदा १३७७ चा. प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यानं महिनाभर म्रकान बेटावर किंवा त्साव्तातला राहायचं, मगच शहरात पाऊल टाकायचं. रोग कशानं पसरतो हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. तरीही व्यापारावर जगणाऱ्या या नगरराज्यानं बंदर चालू ठेवून माणसं वाचवायची वाट शोधली! मला हे काम त्या तटबंदीहून मोठं वाटतं. तुम्ही दुब्रॉव्हनिकला उतरलात, तर आधी तासभर लाझारेतीला द्या.