एका दिवसाची घारापुरी

मुंबई बंदराच्या खाडीत, गेटवे ऑफ इंडियापासून सुमारे दहा किलोमीटर पूर्वेला असलेले घारापुरी हे बेट रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात मोडते. त्याची कीर्ती मात्र सकाळी मुंबईहून निघून सायंकाळी परतणाऱ्या माणसांनी वाढवली आहे. दोन टेकड्या व त्यांमधील अरुंद दरी, पश्चिमेकडील टेकडीत कोरलेली पाच शैव लेणी, पूर्वेकडील टेकडीवरचे विटांच्या स्तूपाचे अवशेष व बौद्ध लेणी, आणि शेतबंदर, मोराबंदर व राजबंदर ही तीन गावे, एवढाच या बेटाचा पसारा आहे. येथील शिल्पांचा अभ्यास राजवंशांच्या व मूर्तिशास्त्राच्या अंगाने पुष्कळ झाला असून, त्या मानाने बेटावर काही तासांपुरते जाण्याची जी प्रथा गेल्या पाच शतकांत घडत गेली तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. वास्तविक बेटाचे जगभर रूढ झालेले नाव, शिल्पांची पहिली मोजमापे व रेखाचित्रे, इतकेच नव्हे तर शिल्पांची काही मोडतोडही, या पाहुण्यांकडूनच आलेली आहे.

मुळात येथे येणारी माणसे सहलीसाठी येत नव्हती. मोराबंदरच्या किनाऱ्यालगत रोमन बनावटीच्या मद्यकुंभांची खापरे मिळाली आहेत. हे कुंभ म्हणजे भूमध्य समुद्राकडून मद्य व तेल वाहून आणणारी दुमुठी, निमुळती मातीची भांडी होत, आणि त्यांवरून इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत हे बेट सागरी व्यापाराच्या वाटेवरचे एक ठिकाण होते असे दिसते. बेटावर सापडलेली कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी आणि शिल्पांची शैली यांच्या आधारे मुख्य लेणे सहाव्या शतकाच्या मध्यास कोरले गेले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. निश्चित पुराव्याअभावी हा तर्कच राहतो, आणि तो पुरावा नाहीसा होण्याशीही पाहुण्यांचा संबंध आहे.

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहान्वये वसई व तिच्या आसपासची बेटे पोर्तुगीजांना दिली, तेव्हा घारापुरीही त्यांच्याकडे गेली. बेटाच्या दक्षिण किनाऱ्याजवळ काळ्या दगडाचा एक भव्य हत्ती उभा होता. तो पाहून खलाशांनी बेटाला ‘हत्तीचे बेट’ या अर्थाचे पोर्तुगीज नाव दिले आणि त्यातूनच पुढे ‘एलिफंटा’ हा शब्द आला. वनौषधींवरील ज्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला, तो वैद्य गार्सिया द ओर्ता याने हे लेणे पाहिले होते. पुढे पोर्तुगीज भारताचा गव्हर्नर झालेला दों जुआंव द कास्त्रो हा आरमारासोबत किनाऱ्याची नोंद घेत असता १५३८ च्या सुमारास येथे आला व त्याने लेण्याच्या लांबीरुंदीची मापे टिपून ठेवली. दियोगु दु कौतु या इतिहासकाराने एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली आहे: लेण्यातील एक शिलालेख काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवण्यात आला, तेथे तो कोणालाही वाचता आला नाही आणि कालांतराने तो गहाळ झाला. लेण्याचा कर्ता कोण, हा प्रश्न ज्या एका दगडाने कदाचित सुटला असता, तो कुतूहलापायी जागेवरून हलवला गेला, ही या बेटाच्या इतिहासातील सर्वांत मोठी हानी म्हणावी लागेल.

पाहण्याची इच्छा आणि जपण्याची बुद्धी या दोन गोष्टी तेव्हा एकत्र नांदत नव्हत्या. १७१२ मध्ये येथे आलेल्या कॅप्टन पाइक या इंग्रज नाविकाने मूर्तींची चित्रे काढली; त्याच्याच वृत्तांतात पावसाळ्यात पोर्तुगीज लोक लेण्यात गुरे बांधत असल्याची, आणि एका फिदाल्गोने, म्हणजे पोर्तुगीज सरदाराने, प्रतिध्वनी ऐकण्याच्या हौसेपोटी आत तोफ डागल्यामुळे काही खांब फुटल्याची नोंद आहे. सगळी मोडतोड पोर्तुगीज सैनिकांच्या माथी मारण्याचा प्रघात असला, तरी पाण्याचा पाझर आणि शतकानुशतकांची उपेक्षा यांचाही वाटा तीत मोठा आहे, हे विसरून चालत नाही.

या साऱ्या पाहुण्यांत कार्स्टेन नीबूर याची गोष्ट वेगळी आहे. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानाच्या अभ्यासासाठी पाठवलेल्या सहा जणांच्या मोहिमेतील हा मोजणीदार १७६३ मध्ये मुंबईत पोहोचला तेव्हा बहुतेक सहकारी वाटेतच मरण पावले होते, आणि उरलेला एक जण मुंबईत वारल्यावर सहा जणांतला तो एकटाच मागे राहिला. इतरांसारखी एक खेप करून न थांबता तो बेटावर पुन्हा पुन्हा गेला, लेण्याचा आराखडा मोजून काढला आणि प्रत्येक शिल्पपटाचे रेखाटन केले. ही रेखाटने १७७८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि युरोपातील विद्वानांना भारतीय शिल्पाची कल्पना बऱ्याच अंशी त्यांतून आली. त्याच्या रेषांत ग्रीक शरीररचनेची छाप आहे, हे खरे. पण दिसते तसे टिपण्याचा एवढा प्रामाणिक प्रयत्न त्यापूर्वी झाला नव्हता, आणि ज्या भागांची पुढे झीज झाली त्यांच्या मूळ रूपासाठी अभ्यासकाला आजही या चित्रांकडे वळावे लागते.

पोर्तुगीजांनंतर मराठ्यांकडे आलेले हे बेट साष्टीबरोबर १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडे कायम राहिले. तेव्हापासून घारापुरी मुंबईच्या गोऱ्या रहिवाशांच्या विरंगुळ्याचे ठिकाण बनली. अपोलो बंदरावरून शिडाच्या होडीने निघायचे, भरती-ओहोटीचा हिशेब सांभाळून उतरायचे, लेण्याच्या सावलीत बरोबर आणलेले जेवण घ्यायचे आणि उन्हे कलल्यावर परतायचे, असा या सहलीचा क्रम होता. १८०९ मध्ये मुंबईत आलेल्या मारिया ग्रॅहॅम या लेखिकेच्या रोजनिशीत अशा भेटीचे वर्णन आहे. या रिवाजाचे सर्वांत झगमगीत रूप नोव्हेंबर १८७५ मध्ये दिसले: भारतभेटीस आलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सला खुद्द लेण्यात, दिव्यांची रोषणाई करून मेजवानी देण्यात आली. ज्या जागी महाशिवरात्रीला भाविक लिंगाचे दर्शन घेत, त्याच जागी पंगत बसवण्यात राज्यकर्त्यांना काही गैर वाटले नाही, यातच त्या काळचा विषम संबंध पुरता उघड होतो. चारच वर्षांपूर्वी, १८७१ मध्ये, जेम्स बर्जेस याने या लेण्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता आणि अभ्यासाची शिस्तबद्ध परंपरा सुरू झाली होती. मेजवानी आणि ग्रंथ यांचा काळ एकच आहे.

सहलीच्या वाटेने लेण्याकडे पाहण्याची रीतही ठरवून टाकली. उत्तरेच्या दाराने आत शिरणाऱ्याला समोर दक्षिण भिंतीतील सुमारे सहा मीटर उंचीची त्रिमुखी मूर्ती दिसते आणि तेच लेण्याचे सार होय असे वाटते. ब्रह्मा, विष्णू व महेश अशी समजूत होऊन ती ‘त्रिमूर्ती’ म्हणून प्रसिद्ध झाली; प्रत्यक्षात तो सदाशिव आहे, म्हणजे पंचमुखी शिव, ज्याचे मधले मुख शांत तत्पुरुषाचे, पाहणाऱ्याच्या डावीकडचे उग्र अघोराचे आणि उजवीकडचे हाती कमळ घेतलेल्या सौम्य वामदेवाचे असून, उरलेली दोन मुखे कोरलेली नाहीत. परंतु लेण्याला दुसराही एक अक्ष आहे: पूर्वेच्या अंगणातून येणाऱ्या उपासकाला खांबांच्या रांगांमधून थेट पश्चिमेकडचे, चार दारांचे आणि प्रत्येक दारी दोन द्वारपाल असलेले लिंगाचे गर्भगृह दिसते. पूजेची दिशा पूर्व-पश्चिम आणि दर्शकाची दिशा उत्तर-दक्षिण, या दोहोंपैकी दुसरीच आज मनात ठसली आहे. दुपारपर्यंत परतायची घाई नसलेल्या माणसाने पूर्वेकडच्या अंगणात थोडा वेळ उभे राहावे, म्हणजे हे लेणे मुळात मंदिर म्हणून रचले गेले होते हे उमगते.

बेटाला नाव देणाऱ्या हत्तीचे मस्तक व मान १८१४ मध्ये कोसळली आणि पुढे उरलेले धडही ढासळले. त्याचे तुकडे १८६४ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे आजच्या जिजामाता उद्यानात, नेण्यात आले व पुढे ते जुळवून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला; भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो आजही आहे. ‘एलिफंटा’ हे नाव बेटावर उरले आणि त्या नावाचे कारण मुंबईत आले. गावकऱ्यांनी व मराठी भाषकांनी मात्र ‘घारापुरी’ हेच नाव चालू ठेवले. त्याच्या व्युत्पत्ती अनेक सुचवल्या गेल्या असून त्यांपैकी एकही सिद्ध झालेली नाही.

युनेस्कोने १९८७ मध्ये या लेण्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. आज लाँचने तासाभरात धक्क्यावर उतरणारा प्रवासी छोट्या आगगाडीने किंवा पायी पायथ्याशी जातो, दुतर्फा दुकाने लागलेल्या पायऱ्या चढतो आणि शेवटच्या लाँचची वेळ गाठून परततो, कारण पर्यटकांना बेटावर मुक्कामाची मुभा नाही. पाहुणे गेल्यावर उरणाऱ्या तिन्ही गावांत, समोर मुंबईचे दिवे लखलखत असताना, रात्री काही तास चालणाऱ्या डिझेल जनित्राचा आधार होता. समुद्रतळावरून टाकलेल्या सुमारे साडेसात किलोमीटर लांबीच्या केबलने तेथे वीज पोहोचली, ती फेब्रुवारी २०१८ मध्ये.