प्लॅस्टिकचा मऊपणा आणि बालकांचें आरोग्य

पेणहून आलेल्या गणेशमूर्तीपुढें आरतीच्या वेळीं जो कापूर जळतो, तोच प्लॅस्टिकच्या इतिहासांतील पहिला मोठा मृदुकारक, म्हणजेच प्लास्टिसायझर होय. १८७० च्या सुमारास अमेरिकेंत जॉन वेस्ली हायट यानें नायट्रोसेल्युलोजमध्यें कापूर मिसळून सेल्युलॉइड तयार केलें. फण्या, बाहुल्या, आणि १९१३ सालीं दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ज्या जातीच्या फितीवर उतरला ती फीत, हीं सारीं त्याचींच अपत्यें. परंतु उघडा ठेवलेला कापूर उडून जातो, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. सेल्युलॉइडमध्येंहि तो रासायनिक बंधनानें जखडलेला नसतो, हळूहळू निसटतो. पुढें नवीं द्रव्यें आलीं, तरी मृदुकारकांचा हा स्वभाव सुटला नाहीं.

१९२६ सालीं गुडरिच कंपनीच्या वाल्डो सेमन यानें पीव्हीसी हा कठीण पदार्थ रबरासारखा लवचिक केला. त्यासाठीं पुढें थॅलेट वर्गांतील द्रव्यें सर्वत्र रूढ झालीं. मऊ पीव्हीसीमध्यें त्यांचा वाटा वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनहि अधिक असूं शकतो. रेक्झिन, खेळणीं, नळ्या, रक्ताच्या पिशव्या सर्वांत तीं शिरलीं. १९७० सालीं रुडॉल्फ येगर व रॉबर्ट रुबिन यांना प्लॅस्टिकच्या पिशवींत सांठविलेल्या रक्तांत हींच द्रव्यें उतरलेलीं आढळलीं.

रोहा तालुक्यांत नागोठण्यास १९८० च्या दशकाच्या अखेरीस इंडियन पेट्रोकेमिकल्सचा प्रचंड कारखाना उभा राहिला. २००७ सालीं ती कंपनी रिलायन्समध्यें विलीन झाली. सागरी वायूपासून पॉलिथीन व पॉलिप्रॉपिलीन करणें हें त्याचें मुख्य काम. पॉलिथीन मुळांतच लवचिक असल्यानें त्यास थॅलेटांची गरज नसते. तेव्हां ‘प्लॅस्टिक’ या एका नांवाखालीं सर्वांस एकच दोष लावतां येत नाहीं. तसेंच नागोठणें किंवा धाटाव येथील कारखान्यांच्या जवळिकीवरून मुलांच्या वजनाचा निष्कर्ष काढणेंहि घाईचें ठरेल. थॅलेटें शरीरांत जाण्याचा एक मुख्य मार्ग अन्नाचा आहे. स्निग्ध पदार्थ तीं विशेष शोषून घेतात.

२००६ सालीं कॅलिफोर्नियांतील फेलिक्स ग्रुन व ब्रूस ब्लुमबर्ग यांनीं मेद वाढविणाऱ्या रसायनांस ‘ओबेसोजेन’ ही संज्ञा दिली. कांहीं थॅलेटांपासून शरीरांत बनणारे अंश मेदपेशींच्या घडणीवर हुकमत चालविणाऱ्या ग्राहीस चेतवितात, असें प्रयोगशाळेंत दिसलें आहे. मुलांच्या पाहण्यांचे निष्कर्ष मात्र वय, लिंग व द्रव्यागणिक बदलतात. थॅलेटें थोड्याच काळांत मूत्रावाटे बाहेर पडतात, म्हणून एका नमुन्यावरून वर्षांचा हिशेब लागत नाहीं. शिवाय वेष्टनांतील खाद्य अधिक खाणाऱ्या मुलाचें वजनहि वाढतें आणि त्याच्या पोटांत थॅलेटेंहि अधिक जातात. यांतील कारण कोणतें, हें वेगळें काढणें कठीण.

तरीहि हा प्रश्न महाराष्ट्रास परका नाहीं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतील मातांचा व बालकांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउथॅम्प्टनच्या बालकांचें ३.५ किलो. तरी वजनाच्या मानानें पुण्याकडील बालकांच्या त्वचेखालीं मेद अधिक टिकून होता. मृदुकारक हा त्या अभ्यासाचा विषय नव्हता. पण मेदाचा पाया गर्भांतच घातला जातो, हें त्यानें दाखविलें. म्हणूनच गर्भवतीच्या व तान्ह्या मुलाच्या बाबतींत सावधगिरीस विशेष महत्त्व येतें.

खेळण्यांतील थॅलेटांवर युरोपानें १९९९ सालीं व अमेरिकेनें २००८ सालीं निर्बंध घातले. भारतांत १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर मानक संस्थेचें चिन्ह सक्तीचें झालें. घरांत पाळण्याजोगा नियम त्याहून जुना आहे: ऊनऊन, तेलकट अन्न स्टीलच्या भांड्यांत ठेवावें. यानें मैदानाची व सकस आहाराची उणीव भरून निघणार नाहीं; परंतु पुरावा पूर्ण होईपर्यंत एवढी काळजी घेण्यास कांहींच खर्च येत नाहीं.