-ले (वऱ्हाडी प्रत्यय)

‘-ले’ हा मराठीच्या वऱ्हाडी बोलीतील विभक्तिप्रत्यय आहे. प्रमाण मराठीत द्वितीया व चतुर्थी विभक्तींसाठी ‘-ला’ आणि ‘-ना’ हे प्रत्यय जे कार्य करतात, ते वऱ्हाडीत बहुतांशी हा एकटा प्रत्यय करतो. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम व यवतमाळ या जिल्ह्यांत तो सर्रास ऐकू येतो. पूर्वेकडील नागपुरी बोलीत आणि पश्चिमेकडील अहिराणीतही तो आढळतो. वऱ्हाडी माणूस मुंबई-पुण्यात ‘मले’ आणि ‘तुले’ या दोन शब्दांवरूनच ओळखला जातो.

रूपसिद्धी

सर्वनामांना हा प्रत्यय लागून मले, तुले, त्याले, तिले, आमाले, तुमाले, कोनाले अशी रूपे होतात. ‘काय’ या प्रश्नार्थक सर्वनामाचे ‘कायले’ होते व त्याचा अर्थ ‘कशाला’ किंवा ‘का’ असा होतो. नामाला तो सामान्यरूपानंतर लागतो: कापसाले, बैलाले, अकोल्याले. इंग्रजीतून आलेल्या शब्दांचे सामान्यरूप पुष्कळदा होत नाही, त्यामुळे कॉलेजले, ऑफिसले अशी रूपे बनतात.

अनेकवचनात वऱ्हाडीची रचना प्रमाण भाषेपेक्षा अधिक सुटसुटीत आहे. ‘लोकांना’ या रूपात अनेकवचन दोनदा दाखवले जाते: एकदा सामान्यरूपातील अनुस्वाराने आणि पुन्हा ‘-ना’ या प्रत्ययाने. वऱ्हाडीत ‘लोकायले’, ‘पोरायले’, ‘ढोरायले’ असे म्हणतात. येथे ‘-आय’ हा अंश अनेकवचन सांगतो आणि ‘-ले’ केवळ विभक्ती सांगतो. हाच ‘-आय’ इतर विभक्तींतही कायम राहतो (पोरायचं, पोरायनं). त्यामुळे प्रत्यय वचनानुसार बदलण्याची गरज उरत नाही.

उपयोग

‘औंदा कापसाले भाव नाही’ या वाक्यात ‘-ले’ चतुर्थीचा, तर ‘त्यानं बैलाले मारलं’ यात कर्माचा आहे. ‘अमरावतीले गेला’ यात तो गंतव्यस्थान दाखवतो. धातूला लागल्यावर तो हेतू सांगतो: प्रमाण ‘करायला’, ‘सांगायला’, ‘पाहायला’ यांच्या जागी कराले, सांगाले, पाह्याले ही रूपे येतात.

आदर दाखवण्याच्या बाबतीत मात्र हा प्रत्यय परक्या श्रोत्याला खटकू शकतो. प्रमाण मराठीत वडीलधाऱ्यांसाठी आदरार्थी अनेकवचन वापरून ‘गुरुजींना’, ‘बाबांना’ असे म्हटले जाते. वऱ्हाडीत ‘गुरुजीले’, ‘बाबाले’ ही एकवचनी रूपे सहज वापरली जातात आणि त्यांत अनादर नसतो. आदर स्वरातून व संबोधनातून व्यक्त होतो, प्रत्ययातून नव्हे.

प्रमाण मराठीतील ‘-ले’

प्रमाण मराठीतही ‘-ले’ आहे, पण तो भूतकाळाचा आहे: ते गेले, काम केले. वऱ्हाडीतही पुल्लिंगी अनेकवचनाचा भूतकाळ ‘-ले’ यानेच होतो, त्यामुळे वऱ्हाडी भाषक दोन्ही प्रत्यय बाळगतो आणि त्यांत त्याचा गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो वाचणाऱ्या अनोळखी माणसाचा. ‘बसले’ हे क्रियापद आहे की ‘बस’ या वाहनाची चतुर्थी, हे वाक्यावरूनच कळते. ‘सांगितले’ ही झालेली गोष्ट आहे. ‘सांगाले’ ही अजून व्हायची आहे.

असाच प्रकार ‘-ते’ या क्रियापदाच्या प्रत्ययाचा आहे. ‘तो येते’, ‘तो म्हणते’ ही वऱ्हाडी वाक्ये ऐकून लिंगाची चूक झाली असे इतरांना वाटते. प्रत्यक्षात या बोलीत तृतीय पुरुषी एकवचनात ‘-ते’ पुरुषासाठीही चालतो.

उत्पत्ती आणि इतर भाषा

रिद्धपूर (जि. अमरावती) हे महानुभाव पंथाचे क्षेत्र वऱ्हाडातच आहे. मात्र ‘लीळाचरित्र’ या त्या पंथाच्या 13व्या शतकातील ग्रंथाच्या भाषेत या अर्थी ‘-सि’ व ‘-तें’ हे प्रत्यय प्रामुख्याने दिसतात. ‘-ला’ व ‘-ले’ यांचा संबंध काही अभ्यासक जुन्या मराठीतील ‘लागी’ या शब्दयोगी अव्ययाशी जोडतात.

नेपाळी भाषेतील ‘-ले’ उच्चाराने असाच असला तरी त्याचे काम जवळजवळ उलट आहे. ‘रामले’ म्हणजे तेथे ‘रामाने’. ‘रामाला’ या अर्थी नेपाळीत ‘रामलाई’ म्हणतात.

शाळा आणि साहित्य

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (1905) वऱ्हाडी व नागपुरी बोलींचे नमुने व व्याकरण दिले आहे. वऱ्हाड त्या वेळी मध्य प्रांताला जोडलेला होता आणि 1956 पर्यंत त्याचा राज्यकारभार हिंदी भाषक प्रदेशाबरोबर चालला. त्यामुळे वऱ्हाडीची वेगळी रूपे हिंदीच्या प्रभावाची मानण्याची सवय पडली. ‘-ले’ला हे स्पष्टीकरण लागू पडत नाही, कारण हिंदीत या जागी ‘को’ येतो.

शालेय लेखनात ‘मला’, ‘त्यांना’ हीच रूपे ग्राह्य धरली जातात. खेड्यातील मूल ‘मले’ लिहिते तेव्हा ते ‘अशुद्ध’ ठरते. पण ते नियम मोडत नसून घरच्या भाषेचा नियम अचूक पाळत असते. ‘-ला’ शिकवताना ‘-ले’शी त्याची जोडी दाखवली, तर एका नियमावरून दुसरा समजणे मुलाला सोपे जाते.

गाडगे बाबांची (1876–1956) कीर्तने याच बोलीत होत. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (1960) या कादंबरीतील पात्रे वऱ्हाडी बोलतात. परतवाड्यात जन्मलेले गो. नी. दांडेकर यांनी ‘पूर्णामायची लेकरं’ या कादंबरीसाठी हीच बोली वापरली.