दुपारी तीनचा सामना: इंग्लंडमध्ये अंधार, मुंबईत थेट प्रक्षेपण

इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये शनिवारी दुपारी तीन वाजता सुरू होणारा सामना मुंबई-पुण्यातील प्रेक्षकाला घरबसल्या थेट पाहता येतो. ज्या शहरात तो खेळला जातो, तेथील तिकीट न मिळालेल्या रहिवाशाला मात्र तो दूरचित्रवाणीवर दिसत नाही. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत फुटबॉलच्या थेट प्रक्षेपणास तेथे मनाई आहे. बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांच्या आग्रहामुळे १९६०च्या दशकात हा नियम रुजला. मोठ्या क्लबांचे सामने घरात दिसू लागल्यास छोट्या क्लबांच्या मैदानांकडे कोणी फिरकणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो आज कितपत टिकतो, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. मात्र तिकीटविक्रीवर तगणारे कनिष्ठ विभागांतील क्लब अद्याप या नियमाच्या बाजूने आहेत. करोनाकाळात, २०२० मध्ये, मैदाने रिकामी असताना तो तात्पुरता स्थगित झाला होता. २०२५-२६ पासूनच्या करारातही हंगामातील ३८० पैकी किमान २६७ सामन्यांचेच ब्रिटनमध्ये थेट प्रक्षेपण ठरले आहे.

या विसंगतीतून एक खटलाही उभा राहिला. पोर्ट्समथ येथील एका पबच्या चालिकेने ग्रीक वाहिनीचे स्वस्त डिकोडर कार्ड वापरून ग्राहकांना सामने दाखविले. तिला दंड झाला. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले. अशा परदेशी कार्डांवरील बंदी युरोपीय कायद्याशी विसंगत असल्याचा निकाल ऑक्टोबर २०११ मध्ये लागला आणि पुढील वर्षी तिची शिक्षा रद्द झाली. तथापि लीगचे बोधचिन्ह, गीत आदींवरील स्वामित्वहक्क न्यायालयाने मान्य केल्याने पबचालकांना सरसकट मोकळीक मिळाली नाही.

भारतीय प्रेक्षकाची अडचण निराळी, घड्याळाची. ब्रिटनमध्ये मार्च व ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी घड्याळे बदलतात, आपल्याकडे नाही. त्यामुळे दुपारी तीनचा तोच सामना ऑगस्टमध्ये साडेसात वाजता, तर डिसेंबरमध्ये रात्री साडेआठला सुरू होतो. सोमवारचा रात्री आठचा सामना हिवाळ्यात येथे दीड वाजता सुरू होत असल्याने मंगळवारी कचेरी गाठणाऱ्यांची परीक्षाच असते.

या दूरस्थ प्रेक्षकाचे वजन वाढले आहे. २०२२ ते २०२५ या तीन हंगामांत परदेशी प्रक्षेपण हक्कांचे उत्पन्न प्रथमच देशांतर्गत हक्कांहून अधिक झाले. पूर्वी ही परदेशी रक्कम वीसही क्लबांत समान वाटली जाई. २०१९-२० पासून वाढीव रकमेचा वाटा गुणतक्त्यातील स्थानानुसार ठरतो. लीगने २००८ मध्ये एक जादा फेरी परदेशांत खेळविण्याचा प्रस्ताव मांडला होता. इंग्लंडमधील चाहते आणि अनेक देशांच्या संघटना यांच्या विरोधामुळे तो बारगळला.