नाद आणि नेतृत्व

नागपूरहून उमरेडच्या वाटेनें भिवापुरास आमचें जाणें झालें तें एका व्याख्यानाच्या निमित्तानें. विषय आयोजकांनींच ठरवून कळविला होता. स्वतःचा ध्यास ओळखावा आणि त्या बळावर उत्तम नेता व्हावें, असा त्याचा आशय. सध्यां हा विषय फार चालतीचा आहे. मनुष्यानें आधीं अंतर्मुख व्हावें, आपणांस मनापासून काय आवडतें याचा शोध घ्यावा, तो एकदां लागला कीं पुढारीपणाचे गुण मागोमाग येतातच, असा हा एकंदर सिद्धान्त आहे. आम्हींही तो यथाशक्ति मांडला. कार्लाइलनें १८४० सालीं लंडनमध्यें विभूतिपूजेवर दिलेल्या सहा व्याख्यानांचा दाखला दिला, टाळ्याही पडल्या. शेवटीं मागच्या बांकावरून एक विद्यार्थी उठला. त्याचे आईबाप मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडण्याच्या कामाला जात, असें मागाहून कळलें. तो म्हणाला, "सर, मी लई शोधलं, पण मला तर अशी कोणतीच आवड सांपडत नाही. मग मी मागंच राहायचं काय?"

आम्हीं कांहींतरी गुळमुळीत उत्तर दिलें. तीस वर्षें शिकविण्यांत घालविल्यावर तेवढी हातोटी येतेच. परंतु परतीच्या वाटेवर तो प्रश्न आम्हांस टोंचत राहिला, आणि एक गोष्ट ध्यानांत येऊन आमचें आम्हांसच हसूं आलें. त्या मुलास जी पदवी मिळावयाची ती देणारें नागपूर विद्यापीठ १९२३ सालीं स्थापन झालें, आणि २००५ सालीं त्यास ज्या पुरुषाचें नांव देण्यांत आलें त्याचें स्वतःचें शिक्षण प्राथमिक शाळेच्या दोन-चार इयत्तांपलीकडे गेलें नव्हतें. कार्लाइलला लंडनहून आणण्याचें आम्हांस सुचलें, पण प्रमाणपत्रावरच्या या नांवाकडे आमचें लक्ष गेलें नाहीं!

माणिक बंडोजी इंगळे यांचा जन्म १९०९ सालीं अमरावती जिल्ह्यांतील यावली येथें एका गरीब कुटुंबांत झाला. शाळेंत मन रमेना. रमे तें देवळांतील भजनांत आणि खंजिरीच्या तालांत. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरु, आणि तुकड्या हें नांवही त्यांच्याकडूनच मिळालेलें. अशा मुलास आपल्याकडे नादिष्ट म्हणतात. मराठींतील हा नाद शब्द मोठा मार्मिक आहे. नाद म्हणजे ध्वनि, आणि नाद म्हणजे वेड. 'नादीं लागला' असें आपण म्हणतों तें कौतुकानें नव्हे. पोर वांया गेलें, असाच त्याचा अर्थ. या मुलाच्या अंगीं पुढारीपण आहे, असें त्या काळीं कोणी भाकीत केलें असतें, तर ऐकणारांस तें चेष्टेचें वाटलें असतें.

पुढें घर सुटलें. रामटेक, सालबर्डी आणि रानावनांतून भटकंती सुरू झाली. भिवापुराच्या दक्षिणेस, सरळ रेषेंत मोजलें तर सुमारें पंचवीस मैलांवर चिमूर आहे. त्या चिमूरच्या टापूंतील रामदेगी आणि गोंदोडा येथील अरण्यांत त्यांचें पुष्कळ साधन झालें. चरित्रकार या काळाभोंवतीं चमत्कारांची दाट झालर लावतात. ती आम्ही बाजूस ठेवतों. आम्हांस महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. अरण्यांत एकट्याकरितां वाजणारी खंजिरी पुढें गांवकऱ्यांसमोर वाजूं लागली, आणि तेव्हां तिचा विषय बदलला.

खंजिरी हें वाद्य फार साधें. एक लाकडी कडें, एका बाजूस ताणलेलें चामडें, कडेला चकत्या. एका हातांत मावतें, चालतांना वाजवितां येतें, त्यास मृदंगाप्रमाणें बैठक लागत नाहीं कीं पेटीवाल्याची वाट पाहावी लागत नाहीं. गाणारानें चरण म्हणावा आणि समोरच्यांनीं पालुपद उचलावें. जो ऐकावयास येतो तोच घटकाभरानें गाणारा होतो. श्रोत्याचा सहकारी करण्याचें याहून स्वस्त साधन आमच्या पाहण्यांत नाहीं. तुकडोजींच्या समोर जो श्रोता बसे तो व्यसनानें गांजलेला, कर्जांत बुडालेला, अस्पृश्यतेच्या रूढीनें दुभंगलेल्या गांवचा रहिवासी होता. त्यामुळें भजनांत देवाबरोबर दारू आली, गांवची घाण आली, शिवाशीव आली. नाद त्यांचा स्वतःचा, विषय मात्र लोकांनीं पुरविला. आत्मशोधाचे पुरस्कर्ते पहिल्या अर्ध्याचेंच वर्णन करतात.

१९३५ सालीं मोझरी येथें गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९३६ सालीं गांधीजींच्या निमंत्रणावरून ते वर्ध्याजवळच्या सेवाग्रामास सुमारें महिनाभर राहून आले. तोंपर्यंत वऱ्हाड-नागपूरकडील खेड्यापाड्यांतून त्यांच्या भजनांस हजारोंचा समुदाय जमूं लागला होता, आणि हजारों माणसें ज्याच्या तालावर डोलतात त्याची परीक्षा केव्हां तरी व्हावयाचीच.

ती १९४२ सालीं चिमूरला झाली. त्या पावसाळ्यांत महाराजांची भजनें चिमूरला गाजत होतीं, आणि त्यांचा सूर स्वातंत्र्याचा होता. १६ ऑगस्ट रोजीं, नागपंचमीच्या दिवशीं, लोक रस्त्यावर आले. पोलिसांच्या गोळीबारांत बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा पडला. खवळलेला जमाव डाकबंगल्याकडे वळला, आणि त्या दिवशीं सरकारी अधिकारी व पोलीस मिळून चौघे ठार झाले. मग लष्कर आलें. चिमूरच्या घराघरांतून, विशेषतः स्त्रियांवर, जे अत्याचार झाले त्यांच्या चौकशीसाठीं प्रा. भन्साळी यांनीं त्रेसष्ट दिवस उपवास केला. तो १२ जानेवारी १९४३ रोजीं सुटला. चिमूर-आष्टीच्या फांशीच्या कैद्यांसाठीं अनसूयाबाई काळे यांनीं अखंड खटपट केली, आणि १९४५ सालीं त्या शिक्षा जन्मठेपेवर आल्या. खुद्द तुकडोजींना २८ ऑगस्ट १९४२ रोजीं चांदा येथें अटक झाली. नागपूर आणि रायपूर येथील तुरुंगांत राहून ते डिसेंबरांत सुटले.

भजनानें चिमूर पेटलें, असें अभिमानानें सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. तीं भजनें ज्यांनीं ऐकलीं त्यांचें शौर्य आम्ही तिळमात्र कमी लेखीत नाहीं. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें एवढ्यावर थांबूं नये. गोळीनें पडलेलें पोर आणि जमावाच्या हातून मेलेले चौघे, दोन्ही त्याच दिवसाच्या पदरीं आहेत. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यानें १९१९ सालीं म्यूनिक येथील विद्यार्थ्यांपुढें राजकारणाच्या व्यवसायावर व्याख्यान दिलें. त्यांत पुढाऱ्यास लागणारे तीन गुण त्यानें सांगितले आहेत: ध्यास, जबाबदारीची जाणीव आणि प्रमाणबुद्धि. नुसता ध्यास कितीही खरा असला तरी तेवढ्यानें पुढारी होत नाहीं, असें त्याचें स्पष्ट मत होतें. आज ध्यासाचा बाजार मांडणाऱ्यांनीं त्या तिहींतील पहिलाच तेवढा उचलला, आणि उरलेले दोन जड म्हणून मागें टाकले कीं काय न कळे.

तुरुंगांतून सुटल्यावर तुकडोजींपुढें दोन मार्ग होते. चिमूरच्या कीर्तीवर स्वार होणें सोपें होतें; जमाव तयार होता. अथवा भजन आवरून मठांत बसतां आलें असतें. त्यांनीं यांतलें कांहींच केलें नाहीं. खंजिरी तीच ठेवली आणि तिला रोजच्या कामाचा जू लावला. गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांतून सामुदायिक प्रार्थना, ग्रामसफाई, श्रमदान, व्यसनमुक्ति हीं कामें नेटानें चालूं लागलीं. एका दिवसाच्या उसळीला लागते तशी ऊब या कामांत नसते. पहाटे उठून झाडू मारावयाचा असतो. १९५५ सालच्या ग्रामगीतेचे एकेचाळीस अध्याय वाचतांना ही नेमकी दृष्टि दिसते: गांवाची रचना, आरोग्य, जत्रा, लग्नकार्यांतील उधळपट्टी, असल्या विषयांवर ओव्या रचणारा कवि विरळाच. काव्य म्हणून ती सर्वत्र सारख्या उंचीवर नाहीं, हें आम्ही संकोच न धरतां म्हणूं. पण तिचा वाचक कोण, हें कवीस ओवीओवीला ठाऊक आहे. चिमूरच्या दिवसाचें ओझें त्यांच्या मनावर किती होतें हें मोजण्याचें माप आमच्यापाशीं नाहीं. १९४२ नंतरचीं सव्वीस वर्षें त्यांनीं कशांत घालविलीं, तेवढें मात्र दिसतें. ११ ऑक्टोबर १९६८ रोजीं मोझरीस त्यांचा देह पडला.

तथापि त्या विद्यार्थ्याचा प्रश्न यानें पुरा सुटत नाहीं. तुकडोजींना नाद बाळपणींच लाभला. ज्याला नादच नाहीं त्यानें काय करावें? त्यासाठीं चिमूरहून फार दूर जावें लागत नाहीं. वरोऱ्यास मुरलीधर देवीदास आमटे हे वकील होते. घरची जमीनदारी, शिकारीचा शौक, सिनेमाची आवड. आवडींस तोटा नव्हता. त्यांतील एकही त्यांच्या आयुष्याच्या कामीं आली नाहीं. एका पावसाळी रात्रीं तुळशीराम नांवाचा, हातापायांचीं बोटें झडलेला महारोगी गटाराशेजारीं पडलेला त्यांना दिसला, आणि हा निधड्या छातीचा मनुष्य भिऊन पळाला. त्या भीतीची त्यांना लाज वाटली. ते परत गेले, आणि त्याची शुश्रूषा केली. जें आवडतें त्यापासून नव्हे, ज्याची किळस आली त्यापासून बाबा आमट्यांचें कार्य निघालें. सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, एवढ्या भांडवलावर वरोऱ्याच्या खडकाळ माळरानांत आनंदवन सुरू झालें.

हें सारें त्या दिवशीं भिवापुरासच सांगावयास हवें होतें. त्या विद्यार्थ्यास पत्र लिहावें असें मनांत आलें. परंतु सभा आटोपल्यावर चहापाण्याच्या गडबडींत त्याचें नांव विचारून घेण्याचेंही आम्हांस सुचलें नव्हतें.