पदवी न देणारी शाळा

साल १८७५. न्यूयॉर्कमध्ये फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू आणि सोळाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या इमारतीचे जिने चढत तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर येता. खोली बेताचीच. ईझलला ईझल खेटलेलं, चारकोलनं सगळ्यांची बोटं काळी. नॅशनल अकॅडमी या कलासंस्थेत पैशांची चणचण होती, चित्रकलेचे वर्ग लांबणार अशी कुणकुण लागली, तेव्हा तिथं शिकणाऱ्या या मुलामुलींनी कुणाकडे अर्ज केले नाहीत. वर्गणी काढली, जागा भाड्यानं घेतली, मॉडेल ठरवलं. त्यांचे शिक्षक लेम्युएल विल्मार्थही सोबत आले. ‘आर्ट स्टुडंट्स लीग’ अशी सुरू झाली, विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी.

आता १९०८. लीग सत्तावन्नाव्या रस्त्यावर, १८९२ पासूनच्या स्वतःच्या वास्तूत आहे. दार ढकलताच टर्पेंटाइनचा वास नाकात जातो. विल्यम मेरिट चेस यांच्या वर्गात रोज नवं वस्तुचित्र रंगवायचं, तेही कालच्याच कॅनव्हासवर, कालच्या चित्रावरून. रंगाचे थर जड होईपर्यंत हे चालतं. चांगलं जमलेलं चित्रही उद्या झाकायचं, ही सवय हाताला इथं लागते. त्या कोपऱ्यात विशीतली जॉर्जिया ओ’कीफ मेलेला ससा आणि तांब्याचं भांडं रंगवते आहे. याच चित्राला बक्षीस मिळणार आहे. जिन्यात यूजीन स्पायकर हा विद्यार्थी तिची वाट अडवतो: पोर्ट्रेटसाठी बस. मी मोठा चित्रकार होणार, तू कुठल्यातरी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणार, असंही वर ऐकवतो. आधी नाही म्हणून शेवटी ती बसते. ते पोर्ट्रेट लीगनं जपलं आहे, आणि आज लोक ते पाहतात ते पुढं नामवंत चित्रकार झालेल्या जॉर्जियासाठी.

बावीस वर्षं पुढं या. १९३०. अठरा वर्षांचा जॅक्सन पोलॉक टॉमस हार्ट बेंटन यांच्याकडे रेखाटनाला बसला आहे. बेंटन जुन्या युरोपीय उस्तादांच्या चित्रांतली लय उलगडून दाखवतात. शरीरांची वळणं, वजनं, ताण. पुढं हाच मुलगा जमिनीवर कॅनव्हास पसरून रंग ओतणार, शिकवणीच्या अगदी उलट वाटेनं जाणार. लीगमध्ये ते चालतं. प्रत्येक शिक्षकाचा स्टुडिओ त्याच्या मतानं चालतो, आणि कुणाकडे शिकायचं हे विद्यार्थी ठरवतो. सगळ्यांना एकाच साच्यातून काढणारा अभ्यासक्रम इथं रुजलाच नाही.

आणि हे २०२५. लीगला दीडशे वर्षं झाली. तुम्ही त्याच वास्तूत, मॉडेलसमोर जागा धरून आहात. शेजारी कुणी निवृत्त माणूस, पलीकडे कॉलेजातली मुलगी. गुण नाहीत, पदवीही नाही. महिना संपला की उठून जा, किंवा पुन्हा फी भरा. बांधून ठेवणारं काहीच नाही, तरी दीडशे वर्षं माणसं येत राहिली. शिकण्याची ओढ एवढ्या एकाच भांडवलावर शाळा चालते, हे त्यांनी सिद्ध करून दाखवलं.